'सुप्रीम्स' हे नाव कुणाचे होते?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा विषय निघाला की आपल्या भाषणांतली नावे ठरलेली असतात. मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स, ब्लॅक पँथर. वक्ता अभ्यासू असेल तर बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉईस यांना लिहिलेल्या पत्राचाही उल्लेख होतो. १९७२ सालच्या आपल्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. हे सगळे बोललेच पाहिजे. पण त्याच वर्षांत त्या समाजाची गाणी अमेरिकेतल्या घराघरांत वाजत होती, गोऱ्यांच्या घरातही वाजत होती, आणि ती गाणाऱ्या पोरींचे पुढे काय झाले हे आपल्या भाषणात कधी येत नाही. ज्या चळवळीने जलशातून माणसे घडवली, त्या चळवळीच्या कार्यकर्त्यांनी तरी गाणे म्हणजे निव्वळ करमणूक असे समजू नये. म्हणून आज आम्ही डेट्रॉईटच्या तीन मुलींबद्दल लिहीत आहोत. फ्लॉरेन्स बॅलार्ड, मेरी विल्सन आणि डायना रॉस. त्यांच्या बँडचे नाव 'द सुप्रीम्स'.

या बँडची गोष्ट साधारणपणे अशी सांगतात: तिघी मैत्रिणी होत्या, त्यातली एक महत्त्वाकांक्षी निघाली, दुसरी दारूच्या आहारी गेली, बायकाबायकांत भांडणे झाली आणि बँड फुटला. ही गोष्ट आम्हाला मान्य नाही. आपल्याकडेही संघटना फुटली की लोक असेच बोलतात. अमक्याचा अहंकार, तमक्याची हाव. पैसा कोणाच्या हातात होता, सही कोणाची चालत होती, संघटनेचे नाव कोणाच्या नावावर नोंदवले होते, हे विचारायला कोणी तयार नसते. सुप्रीम्सच्या बाबतीत आम्ही हेच प्रश्न विचारणार आहोत.

आधी वस्ती. पहिल्या महायुद्धापासून दक्षिणेतल्या राज्यांमधून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेतल्या कारखान्यांच्या शहरांकडे निघाली. शेतमालकाची गुलामीसारखी मजुरी, वेगळे नळ, वेगळ्या शाळा आणि झाडाला लटकावून मारण्याची दहशत, हे सगळे मागे टाकून माणसे आली. आपली माणसे गाव सोडून मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत आली त्याची आठवण इथे होईलच. डेट्रॉईट हे मोटारींचे शहर. तिथे सरकारने कृष्णवर्णीयांसाठी ब्रूस्टर नावाची वसाहत बांधली. तिचे भूमिपूजन १९३५ साली राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या हस्ते झाले. केंद्र सरकारच्या पैशातून कृष्णवर्णीयांसाठी उभी राहिलेली ही देशातली पहिली सार्वजनिक वसाहत मानली जाते. पुढे ती वाढत जाऊन ब्रूस्टर-डग्लस झाली. तिघीही याच वसाहतीतल्या. फ्लॉरेन्स तेरा भावंडांच्या घरातली. मेरीचा जन्म मिसिसिपीतला.

१९५९ साली त्या वस्तीत 'प्राइम्स' नावाचा मुलांचा एक गट गात होता. त्यांच्या मॅनेजरला जोडीला मुलींचा गट हवा होता. त्याने पहिल्यांदा फ्लॉरेन्सला घेतले. फ्लॉरेन्सने मेरीला आणले, मग डायना आली, चौथी बेटी मॅकग्लोन. गटाचे नाव 'प्राइमेट्स'. मुली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. म्हणजे हा गट एका अर्थाने फ्लॉरेन्सपासून सुरू झाला. तिचा आवाज भरदार, चर्चमध्ये तयार झालेला. जानेवारी १९६१ मध्ये त्यांचा मोटाऊन कंपनीशी करार झाला, तेव्हा नाव बदलायला सांगितले गेले. नावांची एक यादी फिरत होती. त्यातून 'सुप्रीम्स' हे नाव फ्लॉरेन्सने उचलले. बाकीच्यांना ते फारसे आवडले नव्हते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हेच नाव वापरायला तिला बंदी झाली.

आता मोटाऊनबद्दल. इथे आपल्याला जरा थांबावे लागेल, कारण या कंपनीला नुसते खलनायक ठरवून चालणार नाही. बेरी गॉर्डी हा कृष्णवर्णीय तरुण फोर्डच्या लिंकन-मर्क्युरी कारखान्यात असेंब्ली लाईनवर काम करत होता. त्याच्या कुटुंबाने आपसात एक बचत निधी चालवला होता. त्यातून ८०० डॉलर कर्ज घेऊन १९५९ च्या जानेवारीत त्याने कंपनी काढली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या रस्त्यावरच्या एका साध्या घरात स्टुडिओ थाटला. बाहेर पाटी लावली, 'हिट्सव्हिल यू.एस.ए.'. त्याआधी रेकॉर्डच्या धंद्यात कृष्णवर्णीयांचे स्थान काय होते? गाणे त्यांचे, मालक गोरा. त्यांच्या गाण्याच्या रेकॉर्डची बाजारातली यादीसुद्धा वेगळी. कित्येकदा तेच गाणे गोऱ्या गायकाकडून पुन्हा गाऊन घ्यायचे आणि पैसे त्याने न्यायचे. अशा बाजारात एका कामगाराने स्वतःची कंपनी उभी केली, वस्तीतल्या मुलामुलींना काम दिले आणि संपूर्ण अमेरिकेला आपले गाणे ऐकायला लावले. १९६३ साली डेट्रॉईटच्या मोर्चात किंग यांनी केलेल्या भाषणाची रेकॉर्डही याच कंपनीने काढली. ही कर्तबगारी नाकारणारा माणूस वंचितांच्या अर्थकारणाविषयी काहीच शिकलेला नाही असे आम्ही म्हणू.

पण गॉर्डीने कारखान्यातून असेंब्ली लाईनसुद्धा बरोबर आणली. हे त्याने स्वतःही अभिमानाने सांगितले आहे. एका टोकाने वस्तीतली पोर आत यायची आणि दुसऱ्या टोकाने तारका बाहेर पडायची. गाणी लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, नाच बसवणारे वेगळे. कोणते गाणे बाजारात जाईल हे ठरवायला दर आठवड्याला 'क्वालिटी कंट्रोल'ची बैठक. जवळजवळ प्रत्येक गाण्यामागे ज्यांची वाद्ये आहेत त्या 'फंक ब्रदर्स' वादकांची नावे कित्येक वर्षे रेकॉर्डच्या वेष्टनावर छापलीच गेली नाहीत. आणि कराराची रचना बघा. रेकॉर्ड काढणारी कंपनी गॉर्डीची, गाण्यांचे हक्क सांभाळणारी जोबेट ही संस्था गॉर्डीची, कलाकारांचे व्यवस्थापन पाहणारी संस्थाही गॉर्डीची. म्हणजे कलाकाराच्या वतीने ज्याने कंपनीशी भांडायचे, तो मॅनेजरच कंपनीचा माणूस. रेकॉर्डिंगचा खर्च कलाकाराच्या मानधनातून वळता व्हायचा. मुलींच्या हातात आठवड्याच्या खर्चापुरती रक्कम, बाकी सगळे कंपनीच्या वह्यांत. किती प्रती खपल्या त्याची तपासणी बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यायला मोटाऊन बराच काळ तयार नव्हती.

सुरुवातीची तीन वर्षे सुप्रीम्सची गाणी चालली नाहीत. कंपनीत त्यांना थट्टेने 'नो-हिट सुप्रीम्स' म्हणत. या काळात चौथी मुलगी गट सोडून गेली आणि १९६२ पासून तिघीच उरल्या. त्याच वर्षी मोटाऊनचा सगळा ताफा बसने दक्षिणेच्या दौऱ्यावर गेला. कुठे प्रेक्षकांत गोरे एका बाजूला आणि काळे दुसऱ्या बाजूला, कुठे हॉटेलात जेवण नाही, कुठे पेट्रोल पंपावर शौचालय वापरू देणार नाहीत. बर्मिंगहॅममध्ये त्यांच्या बसवर गोळ्या झाडल्या गेल्या. नंतर मखमली झगे घालून टीव्हीवर हसणाऱ्या या मुलींना गोऱ्यांची खुशामत करणाऱ्या म्हणून हिणवणाऱ्यांनी हा दौरा आठवावा.

मग १९६४ उजाडले. हॉलंड, डोझियर, हॉलंड या त्रिकुटाने लिहिलेले 'व्हेअर डिड अवर लव्ह गो' हे गाणे आधी मार्व्हलेट्स या दुसऱ्या गटाला दाखवले होते, त्यांनी नाकारले. ते सुप्रीम्सच्या वाट्याला आले. जुलैमध्ये नागरी हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली आणि ऑगस्टमध्ये हे गाणे देशात पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्यानंतरची चार गाणीही ओळीने पहिल्या क्रमांकावर. १९६९ पर्यंत अशी एकूण बारा. ज्या काळात सगळे जग बीटल्सच्या मागे वेडे झाले होते, त्या काळात अमेरिकेत त्यांना तोडीस तोड टक्कर दिली ती सरकारी वसाहतीतल्या या तीन काळ्या मुलींनी. डिसेंबर १९६४ मध्ये त्या एड सुलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात पहिल्यांदा झळकल्या. कृष्णवर्णीय बाई म्हणजे मोलकरीण किंवा दाई, एवढेच दाखवणाऱ्या पडद्यावर तीन तरुण, देखण्या, आत्मविश्वासाने उभ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया दिसल्या. त्या दिवशी वस्त्यावस्त्यांत लोकांनी शेजाऱ्यांना हाका मारून टीव्हीपुढे बसवल्याच्या आठवणी त्या पिढीतले अनेक जण सांगतात.

त्यांच्या कपड्यांचा प्रश्न इथे येतो. मोटाऊनमध्ये मॅक्सिन पॉवेल नावाच्या बाई या मुलींना कसे चालावे, कसे बसावे, मुलाखतीत कसे बोलावे हे शिकवत. चोली अॅटकिन्स नाच बसवत. काही डाव्या विचारवंतांनी याला गोऱ्या मध्यमवर्गाची नक्कल म्हटले आहे. आम्ही आंबेडकरवादी लोक इतक्या सहज असे म्हणणार नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारे जाड दागिने आणि आखूड लुगडे टाकून द्यायला सांगितले होते, आणि बायकांनी लगेच पदर आणि निऱ्या बदलल्या होत्या. बाबासाहेबांच्या सुटाला नावे ठेवणारेही कमी नव्हते. नीट कपडा घालणे हा ज्याला जन्मापासून तो मिळाला त्याच्यासाठी शौक असेल, आपल्यासाठी तो हक्क आहे. फरक आहे तो निर्णयाचा. महाडच्या बायकांनी लुगडे कसे नेसायचे हे ठरवल्यावर त्या आपापल्या घरी गेल्या, त्यांच्या लुगड्यावर कुठल्या कंपनीची मालकी नव्हती. सुप्रीम्सचा झगा कंपनी ठरवत होती, त्यातले शरीर किती जाड असावे हेही कंपनीच ठरवत होती.

आणि मुख्य गायिका कोण हेसुद्धा कंपनीच ठरवत होती. सुरुवातीला तिघी आळीपाळीने मुख्य आवाज देत. १९६१ च्या 'बटर्ड पॉपकॉर्न'मध्ये फ्लॉरेन्स मुख्य आहे. गॉर्डीने पुढे ठरवले की डायनाचा पातळ, वरचा आवाज गोऱ्या श्रोत्यांपर्यंत अधिक पोहोचेल. धंद्याच्या हिशोबाने हा अंदाज खरा ठरला. पण जिने गट उभा केला ती मागे उभी राहून 'बेबी, बेबी' म्हणू लागली. डायना आणि गॉर्डी यांच्या जवळिकीवर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला त्यात रस नाही. डायना रॉस हीसुद्धा ब्रूस्टरचीच मुलगी, तिने अफाट मेहनत केली. एकाच वस्तीतल्या तीन मुलींपैकी एकीलाच वर जाता येईल अशी शिडी ज्याने बांधली, प्रश्न त्याला विचारायचा. राखीव जागेच्या एका तिकिटासाठी आपल्याच चार कार्यकर्त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारे पक्ष आपण पाहिलेलेच आहेत.

फ्लॉरेन्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९६० साली, बँडला नाव मिळण्याआधी, तिच्यावर चाकूच्या धाकाने बलात्कार झाला होता. मेरी विल्सनने १९८६ च्या आपल्या आत्मचरित्रात हे लिहिले आहे. त्यानंतर ती मोकळी, हसरी मुलगी बदलली, माणसांवरचा तिचा विश्वास उडाला असे मेरी म्हणते. त्या काळात या विषयावर बोलायची सोय नव्हती, समुपदेशन वगैरे तर दूरच. तालमी, दौरे, विमाने, वर्षाला शेकडो कार्यक्रम. ती दारू पिऊ लागली, तिचे वजन वाढले, काही कार्यक्रमांना ती आली नाही. कंपनीच्या वहीत याची नोंद 'बेशिस्त' अशी झाली. आम्ही वस्त्यांत काम करताना अशा कितीतरी मुली पाहतो, ज्यांच्या शाळेच्या दाखल्यावर 'वर्तन असमाधानकारक' एवढेच लिहिलेले असते. त्यामागे काय घडले ते विचारायला कोणी गेलेले नसते.

१९६७ च्या उन्हाळ्यात लास वेगासच्या फ्लेमिंगो हॉटेलमधून फ्लॉरेन्सला घरी पाठवण्यात आले. तिच्या जागी सिंडी बर्डसाँग उभी राहिली. तिला आधीच तयार ठेवले होते. त्याच सुमारास पाटीवरचे नाव 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' झाले. आणि त्याच जुलैच्या २३ तारखेला डेट्रॉईट पेटले. पोलिसांनी रात्री एका विनापरवाना बारवर धाड टाकली, तिथे व्हिएतनामहून परतलेल्या तरुणांसाठी मेजवानी चालली होती. पाच दिवसांत ४३ माणसे मेली, त्यातली ३३ कृष्णवर्णीय. सात हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. सैन्य आणावे लागले. टीव्हीवर दिसणाऱ्या यशस्वी चेहऱ्यांनी वस्तीचे भाडे, बेकारी आणि पोलीस यांत काहीही बदल झाला नव्हता, हे त्या पाच दिवसांनी दाखवून दिले. पुढच्या वर्षी डॉजच्या कारखान्यात कृष्णवर्णीय कामगारांनी 'ड्रम' ही स्वतःची क्रांतिकारी संघटना काढली, कारण कामगारांची मोठी युनियनही त्यांचे ऐकत नव्हती. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते. डेट्रॉईटच्या कामगारांना मनमाड माहीत असण्याचे कारण नाही, पण त्यांनाही दोन शत्रू एकदम दिसले होते. मोटाऊनला मात्र एकच दिसत होता. गोऱ्यांचे वर्चस्व मोडायचे एवढे तिला कळत होते. आपल्याच कंपनीत आपल्याच माणसाच्या श्रमाचे काय होते, याकडे ती पाहायला तयार नव्हती. ज्या तिघांनी सुप्रीम्सची गाणी लिहिली ते हॉलंड, डोझियर, हॉलंडसुद्धा पैशाच्या वादावरून याच सुमारास कंपनी सोडून गेले आणि प्रकरण कोर्टात गेले.

आपल्याकडे 'आपला माणूस मालक झाला पाहिजे' ही घोषणा जोरात आहे. आम्हीही ती देतो. दलित उद्योजक वाढले पाहिजेत यात वाद नाही. पण मालक आपला झाला म्हणून मजुराचा करार आपोआप न्याय्य होतो का? आपल्या भीमगीतांच्या गायकांना विचारा. कॅसेटच्या काळात कित्येकांनी एका रकमेवर गाणे देऊन टाकले. जयंतीला गल्लोगल्ली तेच गाणे वाजते आणि गायकाच्या म्हातारपणी औषधाला वर्गणी काढावी लागते. कॅसेट काढणारा प्रत्येक वेळी परकाच होता असे नाही. आज आपल्या तरुणांचे रॅपचे गट आहेत, यूट्यूब चॅनेल आहेत. चॅनेल कोणाच्या ईमेलवर उघडले आहे, गटाचे नाव कोणाचे, गाणे लिहिणाऱ्या मुलीचा वाटा किती, हे कागदावर लिहून घ्यायला त्यांना संकोच वाटतो. आपसात कसला कागद, असे म्हणतात. कागद नसला की ज्याच्या हातात पासवर्ड असतो तोच मालक होतो.

फ्लॉरेन्सच्या हातात कागद आला, पण तो उलटा. फेब्रुवारी १९६८ मध्ये मोटाऊनने तिच्याशी शेवटची तडजोड केली. सगळ्या गाण्यांचा, सगळ्या वर्षांचा हिशोब म्हणून सुमारे १ लाख ४० हजार डॉलर, आणि यापुढे आपल्या प्रसिद्धीसाठी 'सुप्रीम्स' हा शब्द वापरायचा नाही ही अट. दुसऱ्या कंपनीने तिची दोन गाणी काढली, पण ती कोण हे जाहिरातीत सांगताच येत नव्हते. ती चालली नाहीत आणि अल्बम पडून राहिला. आपल्या वकिलानेच पैसे लाटले असा तिचा आरोप होता. १९७१ साली तिने मोटाऊनवर ८७ लाख डॉलरचा दावा लावला, तो ती हरली. घर जप्त झाले. तीन मुली पदरी घेऊन तिने सरकारी मदतीसाठी अर्ज केला. ही बातमी वर्तमानपत्रांत आली तेव्हा लोकांना धक्का बसला. तिची गाणी रेडिओवर तेव्हाही वाजतच होती.

जून १९७५ मध्ये ती डेट्रॉईटच्या फोर्ड ऑडिटोरियममध्ये पुन्हा मंचावर उभी राहिली. कार्यक्रम जोन लिटलच्या बचावनिधीसाठी होता. जोन ही नॉर्थ कॅरोलिनातली वीस वर्षांची कृष्णवर्णीय कैदी. तुरुंगात तिच्यावर लैंगिक अत्याचार करणाऱ्या गोऱ्या जेलरला तिने बर्फ फोडायच्या टोच्याने मारले होते आणि तिच्यावर खुनाचा खटला चालू होता. फ्लॉरेन्स तिच्यासाठी गायली. टाळ्या थांबेनात, पुन्हा गायला लावले. ऑगस्टमध्ये ज्युरीने जोनला निर्दोष सोडले. फ्लॉरेन्सही सावरत होती, पुन्हा गाण्याचा विचार करत होती. २२ फेब्रुवारी १९७६ रोजी हृदयातल्या रक्ताच्या गुठळीने तिचा मृत्यू झाला. वय ३२.

बँड तेव्हा नावापुरता चालू होता. डायना १९७० च्या जानेवारीत बाहेर पडून एकटी गाऊ लागली होती. त्याच्या आधीचे शेवटचे मोठे गाणे पुन्हा एकत्र येण्याबद्दलचे होते, आणि त्या रेकॉर्डवर मेरीचा आणि सिंडीचा आवाजच नाही, मागे दुसऱ्याच गायिका आहेत. १९७२ मध्ये मोटाऊन डेट्रॉईट सोडून लॉस एंजेलिसला गेली. मेरी एकटी नव्या गायिकांबरोबर १९७७ पर्यंत गटाला ओढत राहिली. नंतर तीसुद्धा नावासाठी कोर्टात गेली, पण नाव कंपनीचेच राहिले. जुन्या बँडची नावे घेऊन भलतेच लोक कार्यक्रम करतात, त्याविरुद्ध कायदे व्हावेत म्हणून २०२१ मध्ये मरण येईपर्यंत ती राज्याराज्यांत फिरत होती. २००६ चा 'ड्रीमगर्ल्स' हा सिनेमा याच बँडवर बेतलेला मानतात. त्यात फ्लॉरेन्ससारखे पात्र शेवटी जिवंत राहते आणि मानाने मंचावर परतते. सिनेमाला ते परवडते.

१९८८ च्या जानेवारीत सुप्रीम्सचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. डायना रॉस आली नाही. मेरी विल्सन आली, आणि तिच्या शेजारी फ्लॉरेन्सच्या जागी फ्लॉरेन्सची मुलगी उभी होती. त्याच वर्षी जूनमध्ये बेरी गॉर्डीने मोटाऊन ६ कोटी १० लाख डॉलरला विकली.